टीएचसी, सीबीडी, सीबीएन, सीबीजी, डेल्टा-८... यातलं नक्की कुठलं काय करतं?

अबोली_फुले

नमस्कार मंडळी. इथे औषधं आणि केमिस्ट्रीतली बरीच माणसं आहेत म्हणून विचारतेय. गांजाच्या झाडातून निघणाऱ्या कंपाउंड्सची नावं हल्ली जिकडे तिकडे दिसतात, तेलाच्या बाटलीवर सीबीडी, झोपेच्या गोळीवर सीबीएन, कुठे सीबीजी, कुठे डेल्टा-८ आणि सगळ्यांवर 'नॅचरल' असं मोठ्या अक्षरात. माझ्या मावशीच्या हाताच्या सांध्यांना संधिवात आहे, हृदयाच्या ठोक्यांमुळे वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषधही चालू आहे, आणि तिची एक मैत्रीण जिथे हे कायदेशीर मिळतं तिथे राहते ती रोज फोन करून सीबीडीचं तेल घे म्हणून मागे लागलीये. मावशीचे प्रश्न साधे आहेत, याने नशा होते का, आणि नसेल होत तर मग गांजा आणि यात फरक काय. मला यातलं एकही नीट सांगता आलं नाही. कोणी पहिल्यापासून समजावेल का? घाई नाही, पण कच्चं नको.

पाऊलवाट

अबोली, मी हॉस्पिटल फार्मसीत आहे, हा प्रश्न हल्ली काउंटरवर सारखा येतो. वॉरफरिनबद्दल आधी बोलतो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे: मावशींना डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक थेंबही घेऊ देऊ नका. का ते खाली सांगतो.

आता मूळ गोष्ट. या झाडात शंभराच्या वर कॅनाबिनॉइड, म्हणजे टीएचसी-सीबीडीच्या जातीचे रेणू, सापडलेत, पण प्रमाणात असतात ते थोडेच. त्यात टीएचसी आणि सीबीडी हे दोन मोठे. गंमत अशी की दोघांचा फॉर्म्युला अगदी एकच आहे, २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. वजन सारखं, अणू सारखे, फक्त जोडणी वेगळी. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन वळून रिंग बंद करतो म्हणून तो रेणू बऱ्यापैकी सपाट होतो. सीबीडीमध्ये ती रिंग उघडीच राहते, त्यामुळे रेणूचे दोन भाग एकमेकांना जवळजवळ काटकोनात वळलेले असतात. एवढ्याशा फरकाने मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या खाचेत, टीएचसी बरोब्बर बसतो आणि सीबीडीला तिथे नीट बसताच येत नाही. नशा व्हायची की नाही ते इथेच ठरतं.

हे सीबी-१ रिसेप्टर आपल्या शरीरात गांजासाठी ठेवलेले नाहीत बरं का. १९८८ मध्ये त्यांचा पत्ता लागला, मग १९९२ मध्ये आपलं शरीर स्वतःच बनवतं तो आनंदामाइड नावाचा पदार्थ सापडला जो याच रिसेप्टरवर बसतो. आठवण, हालचाल, भूक, वेदना, भीती या सगळ्याच्या सर्किटमध्ये ते दाटीने आहेत, म्हणून टीएचसी घेतलं की वेळ लांबल्यासारखी वाटते, पाच मिनिटांपूर्वीचं बोलणं विसरायला होतं, भूक लागते, काहींना एकदम धडधड आणि भीती वाटते. श्वास चालवणारा मेंदूचा जो खालचा भाग आहे तिथे मात्र ते फार कमी आहेत, म्हणून अफूच्या जातीच्या औषधांसारखा याने श्वास बंद पडून मृत्यू होत नाही. पण याचा अर्थ निरुपद्रवी असा अजिबात घेऊ नका.

सीबीडी हा पूर्ण वेगळा प्राणी. सीबी-१ वर तो मुख्य जागी बसत नाही, बाजूला कुठेतरी चिकटून त्या रिसेप्टरचं काम थोडं मंद करतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. शिवाय सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर, वेदना आणि उष्णतेच्या एका चॅनेलवर, अशा बऱ्याच ठिकाणी त्याचा हात पोचतो. नशा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये तपासून शुद्ध सीबीडीची सवय लागत नाही, त्याचा गैरवापर होत असल्याचा पुरावा नाही असंच म्हटलंय. तेव्हा मावशींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, शुद्ध सीबीडीने नशा होत नाही. 'शुद्ध' या शब्दावर पुढे कोणीतरी बोलेलच, लॅबवाले आहेत इथे.

बाकीची नावं पटकन. सीबीजी हा या सगळ्यांच्या आईचा, म्हणजे सीबीजीए नावाच्या ॲसिडचा, तापवून झालेला प्रकार. झाडात आधी सीबीजीए बनतं आणि मग झाडातली वेगवेगळी एन्झाइम त्याचंच टीएचसीए किंवा सीबीडीए बनवतात, त्यामुळे झाड पक्व होईपर्यंत सीबीजी बहुतेक वेळा एक टक्क्याच्याही खाली उरतं. नशा नाही, माणसांवरचे अभ्यास फारच कमी. टीएचसीव्ही म्हणजे शेपटी आखूड असलेला टीएचसी, पाचऐवजी तीन कार्बनची शेपटी, आणि तेवढ्याने कमी डोसमध्ये तो सीबी-१ ला चालू करण्याऐवजी अडवतो. सीबीएन हा टीएचसीचा म्हातारपणीचा अवतार, हवा आणि उजेड लागून टीएचसी हळूहळू सीबीएन होतं. १८९० च्या दशकात केंब्रिजमध्ये सगळ्यात आधी शुद्ध स्वरूपात हेच वेगळं काढलं गेलं. टीएचसीचा छडा मात्र लागला १९६४ मध्ये, इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येखिएल गाओनी यांनी तो वेगळा करून त्याची रचना मांडली. सीबीडी १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्सने वेगळं केलं होतं, पण त्याची अचूक रचना १९६३ ला मेशुलामच्याच गटाने सांगितली. म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षं बाटलीत पदार्थ होता आणि आकार माहीत नव्हता.

रसशाळा

पाऊलवाट, अप्रतिम मांडलंत. मी टेस्टिंग लॅबमध्ये क्रोमॅटोग्राफीवर काम करतो, त्यात एक भर घालतो, कारण लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

ओल्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. असतं ते टीएचसीए, म्हणजे त्याच रेणूला एक ॲसिडचा तुकडा लागलेला. त्या तुकड्यामुळे ते मेंदूवर काम करत नाही, कच्चं पान चावलं तर नशा होत नाही ती यामुळे. उष्णता दिली, पेटवलं, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर ठेवलं, की तो तुकडा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि टीएचसी उरतं. आता वजनं बघा. टीएचसीएचं रेणूभार ३५८.५, टीएचसीचं ३१४.५, मधले ४४ उडाले. ३१४.५ भागिले ३५८.५ म्हणजे ०.८७७. आमच्या रिपोर्टवर 'एकूण टीएचसी' असा जो आकडा असतो तो याच ०.८७७ ने काढलेला असतो. उदाहरण घ्या, फुलात टीएचसीए २० टक्के आणि टीएचसी ०.५ टक्के. २० गुणिले ०.८७७ म्हणजे १७.५४, त्यात ०.५, एकूण १८.०४ टक्के. पण कोणी फक्त 'टीएचसी ०.५ टक्के' एवढीच ओळ दाखवली तर ते किती सौम्य वाटतं! आणि तशी दाखवतात.

अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यात हेम्पची व्याख्या वाळल्या वजनाच्या ०.३ टक्क्यापेक्षा जास्त डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे आपलं नेहमीचं टीएचसी) नसलेलं झाड अशी केली होती. डेल्टा-९ म्हटलं, टीएचसीए म्हटलं नाही. त्या फटीतून टीएचसीएने भरलेलं फूल 'हेम्प' म्हणून विकलं गेलं, जे पेटवल्यावर गांजाच आहे.

रानवारा

मी जिथे राहतो तिथे हे कायदेशीर आहे आणि काही वर्षांपासून पाठदुखीसाठी घेतोय, म्हणून थोडं अनुभवाचं बोलतो. टीएचसी जास्त झालं तर सीबीडी घ्या, ते टीएचसीला उतरवतं, हे आमच्याकडे सगळे सांगतात आणि दुकानातही सांगतात. एकास एक वाला घ्या म्हणजे डोकं फिरत नाही असं. दुसरं म्हणजे इंडिका झोपेसाठी आणि सटायव्हा कामासाठी हे तर सगळ्यांना माहितीच असेल. आणि मला वाटतं आख्ख्या झाडाचा अर्क कधीही चांगला, एकटं सीबीडी काढून घेण्यात मजा नाही, सगळे घटक मिळून काम करतात त्याला एन्टुराज इफेक्ट म्हणतात. केमिस्ट्रीवाल्यांनी यावर जरूर लिहा, माझा अनुभव खोटा नाहीये पण कारण समजून घ्यायचंय.

पाऊलवाट

रानवारा, तुमच्या अनुभवावर माझा अविश्वास नाही. पण यातली पहिली गोष्ट तपासून झालीये आणि उत्तर लोकांच्या समजुतीच्या उलट आलंय, म्हणून जरा सविस्तर.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २०२२ ला एक अभ्यास झाला. निरोगी लोकांना १० मिग्रॅ टीएचसी वाफेतून दिलं, आणि बरोबर सीबीडी कधी शून्य, कधी १०, कधी २०, कधी ३०. म्हणजे अगदी तिप्पटपर्यंत. आठवण, संशय, गुंगी कशातच सीबीडीने फरक पडला नाही. आता त्याहून महत्त्वाचं. जॉन्स हॉपकिन्समध्ये २०२३ ला खाण्यातून दिलं, २० मिग्रॅ टीएचसी, आणि त्यात ६४० मिग्रॅ सीबीडी. नुसत्या टीएचसीपेक्षा सीबीडी घातलेल्या वेळी लोकांना जास्त चढलं! रक्तातलं टीएचसीही जास्त निघालं. कारण मेंदूत नव्हे, लिव्हरमध्ये आहे. टीएचसी मोडणारी जी एन्झाइम आहेत त्यांनाच सीबीडी अडवून धरतं, मग टीएचसी शरीरात साचतं. म्हणजे कोणाला जास्त चढलंय आणि आपण वरून भरपूर सीबीडी पाजलं तर ते उतरवणं सोडा, लांबूही शकतं. हे दुकानात कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

इंडिका-सटायव्हा ही झाडाच्या ठेवणीची नावं आहेत, बुटकं रुंद पानांचं आणि उंच सडपातळ पानांचं. आज बाजारात आहे ते सगळं इतकं संकर झालेलं आहे की त्या लेबलवरून आत काय आहे ते कळत नाही. त्यापेक्षा तीन गट बघा, टीएचसी जास्त, दोन्ही साधारण सारखे, आणि सीबीडी जास्त. एवढं कळलं तरी पुष्कळ. एन्टुराज म्हणाल तर शब्द १९९८ चा आहे आणि तो मुळात शरीरातल्या स्वतःच्या पदार्थांबद्दल वापरला होता, झाडाबद्दल नंतर चिकटला. वास देणाऱ्या टर्पीनपैकी कॅरिओफिलीन, जे काळ्या मिऱ्यातही असतं, ते सीबी-२ या सीबी-१ च्याच भावंड रिसेप्टरवर खरंच बसतं हे दाखवलंय. बाकी मिर्सीनने झोप येते, लिमोनीनने मूड सुधारतो वगैरे जे लेबलवर लिहितात त्याला माणसांवरचा भक्कम आधार मला तरी दिसलेला नाही.

चांदणचुरा

इमर्जन्सीत काम करते. माझ्याकडे जे पेशंट येतात त्यात फुंकणारे कमी, खाणारे जास्त. कारण सांगते, ते सगळ्यांनी लक्षात ठेवा.

ओढलं तर टीएचसी फुफ्फुसातून थेट रक्तात, काही मिनिटांत कळतं, दोन ते चार तासांत बरंचसं उतरतं. खाल्लं तर ते आधी लिव्हरमधून जातं आणि तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतं, तेही मेंदूत जातं आणि ते टीएचसीइतकंच, किंबहुना जास्तच जोरदार असतं. चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. तर होतं असं की माणूस एक तुकडा खातो, पाऊण तास वाट बघतो, काहीच होत नाही म्हणून दुसरा खातो, आणि मग दोन्ही एकदम येतात आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त हटत नाहीत. माझ्यासमोर बसलेला माणूस दोन्ही हातांनी पलंगाचा दांडा घट्ट धरून 'मी मरतोय, माझ्या बायकोला बोलवा' असं सांगत असतो, नाडी १४० च्या घरात, आणि बायको बाजूलाच उभी असते. त्याला धोका नसतो बहुतेक वेळा, पण त्याची भीती पूर्ण खरी असते. लहान मूल असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्यांच्यात खोल गुंगी, श्वास मंदावणं हे होतं आणि ॲडमिट करावं लागतं. गोळीच्या, चॉकलेटच्या रूपातलं घरात असेल तर कुलपात ठेवा, वरच्या फळीवर नाही, कुलपात.

दुसरी गोष्ट डेल्टा-८. टीएचसीमधला एक डबल बाँड नवव्या जागेऐवजी आठव्या जागी, बाकी तेच. नशा होते, जरा कमी. झाडात ते नावापुरतं असतं, बाजारातलं जवळजवळ सगळं सीबीडीवर ॲसिड टाकून बनवलेलं असतं. 'नॅचरल' शब्द तिथे लागूच होत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने यावर लोकांना सावध करणारं पत्रक काढलेलं आहे.

आणि स्पाइस, के-२ नावाने जे मिळतं ते तर या झाडाचं नाहीच, प्रयोगशाळेतलं रसायन वाळक्या पाल्यावर फवारलेलं. त्यात फिट्स, किडनी फेल हे मी पाहिलंय.

पाऊलवाट

चांदणचुरा, अगदी खरं. स्पाइसचं का होतं ते एका ओळीत सांगतो. सीबी-१ हा पंख्याचा रेग्युलेटर समजा, टीएचसी कितीही घातलं तरी तो तीनच्या पुढे फिरवू शकत नाही, फार्मकॉलॉजीत याला पार्शियल ॲगोनिस्ट म्हणतात. स्पाइसमधले रेणू सरळ पाचवर नेतात आणि तिथेच अडकवून ठेवतात. आणि उलटं, तो रेग्युलेटर शून्याच्याही खाली नेणारं औषधही बनलं होतं, रिमोनाबंट, वजन कमी करायला. २००६ ला युरोपात मंजूर झालं, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले म्हणून २००८ ला काढून घेतलं. ही यंत्रणा दोन्ही दिशांना ओढली तर किती महागात पडतं त्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

सायलीची_आई

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलीला ड्रावे सिंड्रोम आहे, दिवसाला कित्येक फिट्स यायच्या. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली सीबीडी चालू आहे, पण ते बाटलीवर झाड छापलेलं तेल नव्हे, एपिडिओलेक्स नावाचं औषध, १ मिलीमध्ये १०० मिग्रॅ शुद्ध सीबीडी. २०१८ ला ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन आजारांसाठी ते अमेरिकेत मंजूर झालं, २०२० ला ट्युबरस स्क्लेरोसिससाठीही. फिट्स बंद नाही झाल्या, कमी झाल्या, आणि ज्याच्या घरात हे आहे त्याला 'कमी' या शब्दाची किंमत कळेल.

पण सांगायचं ते डोसबद्दल. सुरुवात रोज किलोमागे ५ मिग्रॅ, मग १०, कधी २० पर्यंत. २० किलोच्या मुलाला दिवसाला २०० ते ४०० मिग्रॅ. ओळखीचे लोक मला विचारतात आम्हीही मुलाला थेंब देऊ का, थेंबात २-३ मिग्रॅ असतात. तो डोस आणि हा डोस यांचा काही संबंधच नाही. आणि मोठ्या डोसचे त्रासही मोठे. तिला आधीपासून क्लोबाझम हे फिटचं औषध होतं, सीबीडीने त्याचा एक घटक रक्तात इतका वाढला की ती दिवसभर पेंगत होती, क्लोबाझम कमी करावं लागलं. व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर लिव्हरचे आकडे वाढतात म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. जेवणाबरोबर किंवा जेवणाशिवाय, जे काय ते रोज एकसारखं द्या असं आम्हाला बजावून सांगितलं होतं, कारण तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतलं तर रक्तात चार-पाच पट जास्त जातं. कृपा करून कोणी आपल्या मनाने मुलांना देऊ नका.

अबोली_फुले

सायलीची आई, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप आभार, मुलीला खूप शुभेच्छा. आता मला भीती वाटायला लागलीये. वॉरफरिनचं काय ते पाऊलवाट सांगणार होते. आणि मैत्रिणीने पाठवलेल्या फोटोत बाटली ३० मिलीची आहे, सीबीडी १५०० मिग्रॅ, फुल स्पेक्ट्रम, टीएचसी ०.३ टक्क्यापेक्षा कमी असं लिहिलंय. ०.३ म्हणजे नसल्यातच जमा ना?

रसशाळा

नाही हो अबोली, नसल्यात जमा नाही, आणि हे गणित प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

३० मिली तेलाचं वजन साधारण २८ ग्रॅम. २८ ग्रॅमचे ०.३ टक्के म्हणजे ०.०८४ ग्रॅम, म्हणजे ८४ मिग्रॅ टीएचसी. अमेरिकेतल्या ड्रग अब्यूज संस्थेने, नीडाने, २०२१ मध्ये संशोधनासाठी टीएचसीचं एक युनिट ५ मिग्रॅ ठरवलंय. म्हणजे मर्यादेपर्यंत भरलेल्या त्या बाटलीत जवळजवळ सतरा युनिट टीएचसी असू शकतं. रोज एक पूर्ण ड्रॉपर, १ मिली घेतलं तर २.८ मिग्रॅ. सवय नसलेल्या वयस्कर बाईला, त्यात इतर औषधं चालू असताना, तेवढ्याने चक्कर येऊ शकते. फुल स्पेक्ट्रम म्हणजे टीएचसी धरून सगळं, ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे टीएचसी काढून बाकीचं, आयसोलेट म्हणजे नुसतं सीबीडी. कागदावर तरी असं असतं.

कागदावर म्हणतो कारण २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं मागवून तपासली होती. लेबलप्रमाणे सीबीडी निघालं फक्त २६ मध्ये. १८ मध्ये टीएचसी सापडलं. म्हणून बाटली नाही, त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागायचा, बॅच नंबर बाटलीवरच्या नंबरशी जुळतो का बघायचा, टीएचसीची ओळ 'आढळलं नाही' म्हणते तेव्हा किती खालपर्यंत मोजलं होतं तेही बघायचं, आणि कॅनाबिनॉइडच्या पानावर थांबायचं नाही, कीटकनाशकं, शिसं-कॅडमियम, उरलेलं सॉल्व्हंट यांची पानं आहेत का ते बघायचं. हे झाड जमिनीतलं जड धातू ओढून घेण्यात पटाईत आहे.

आणि हो, हेम्पच्या बियांचं तेल ही तिसरीच गोष्ट. कॅनाबिनॉइड बनतात ते मादी फुलांवरच्या चिकट केसांमध्ये, बीमध्ये नाही. बियांच्या तेलात सीबीडी जवळपास नसतंच, पण बाटलीवर पान छापलेलं असलं की लोक दोन्ही एकच समजतात.

पाऊलवाट

अबोली, वॉरफरिन. ते शरीरातून काढणारं मुख्य एन्झाइम आहे सीवायपी २सी९. सीबीडी त्याच एन्झाइमला अडवतं. मग वॉरफरिनची गोळी तीच, पण रक्तात प्रमाण वाढत जातं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वर चढतो आणि नाकातून, हिरड्यांतून, पोटात, नशीब वाईट असेल तर डोक्यात रक्तस्राव. सीबीडी चालू केल्यावर आयएनआर वाढला आणि वॉरफरिनचा डोस उतरवावा लागला अशा केसेस मेडिकल जर्नलमध्ये नोंदलेल्या आहेत. म्हणून पहिल्याच प्रतिसादात म्हटलं.

आणि दुखण्याला उपयोग होईल का याचंही उत्तर बऱ्यापैकी आहे. डेन्मार्कमध्ये हाताचा ऑस्टिओआर्थरायटिस आणि सोरायटिक आर्थरायटिस असलेल्या १३६ पेशंटवर चाचणी झाली, रोज २० ते ३० मिग्रॅ सीबीडी, १२ आठवडे, निम्म्यांना खोटी गोळी. दोन्ही गटांत दुखणं सारखंच कमी झालं. मावशींसारखंच सांध्यांचं दुखणं, आणि डोसही साधारण बाटलीवालाच. ज्यातून फायदा दिसलेला नाही त्यासाठी रक्तस्रावाचा धोका मी माझ्या आईला घेऊ दिला नसता.

टीएचसी धरून काही मंजूर औषधं आहेत हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र अर्धवट राहील. ड्रोनाबिनॉल म्हणजे कारखान्यात बनवलेलं टीएचसी, १९८५ पासून किमोथेरपीच्या उलट्यांसाठी. नॅबिझिमॉल्स म्हणजे तोंडात मारायचा स्प्रे, एका फवाऱ्यात २.७ मिग्रॅ टीएचसी आणि २.५ मिग्रॅ सीबीडी, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडतात त्यासाठी. पण सगळीकडे डोस मोजलेला, आजार ठरलेला.

रानवारा

खूप शिकायला मिळालं. सीबीडी-टीएचसीची एकमेकांवरची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, दुकानात जाऊन विचारणार आहे आता. सीबीएनबद्दल एक राहिलं, झोपेच्या गोळ्यांवर तेच लिहिलेलं असतं, ते खरं आहे का?

चांदणचुरा

सीबीएनचा झोपेवरचा पुरावा फार तुटपुंजा आहे रानवारा. जुन्या पडलेल्या मालाने जास्त गुंगी येते, जुन्या मालात सीबीएन जास्त असतं, म्हणून सीबीएन गुंगी आणतं, असा तो तर्क. पण जुन्या मालात टीएचसीही उरलेलं असतं आणि हलके टर्पीन उडून गेलेले असतात, मग श्रेय एकट्याला कसं द्यायचं? त्यात बऱ्याच गोळ्यांमध्ये सीबीएनबरोबर मेलाटोनिन घातलेलं असतं, मागची बाजू वाचा.

तुम्ही रोज घेता असं वाटतंय म्हणून एक विचारते, राग मानू नका. सकाळी मळमळ, पोटात कळ, सारख्या उलट्या आणि गरम पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटणं असं कधी झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा आणि गांजा घेतो हेही सांगा. वर्षानुवर्षं टीएचसी घेणाऱ्यांत हे होतं, आणि लोक उलटी थांबावी म्हणून आणखी घेतात. थांबवणं हाच त्यावर खात्रीचा उपाय. व्हेपचं काडतूस तर अनोळखी माणसाकडून घेऊच नका, २०१९ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसं निकामी होण्याची जी साथ आली त्यात २,८०७ लोक हॉस्पिटलमध्ये गेले किंवा दगावले, आणि मुख्य संशयित होतं टीएचसीच्या तेलात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट.

दहा_किमी

मी स्पर्धांमध्ये धावतो, त्यामुळे माझा प्रश्न टेस्टचा. सीबीडी क्रीम आणि तेल दोन्ही बरेच धावपटू वापरतात, वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदीच्या यादीतून सीबीडी काढलंय ना?

रसशाळा

हो, सीबीडी २०१८ पासून बंदीतून बाहेर आहे. पण एकटं सीबीडीच. टीएचसी आणि बाकीचे सगळे कॅनाबिनॉइड स्पर्धेच्या काळात अजूनही बंद आहेत, म्हणजे फुल स्पेक्ट्रम तेलातलं सीबीजीसुद्धा. टीएचसीला लघवीत १५० नॅनोग्रॅम प्रति मिली अशी मर्यादा आहे, इतर कॅनाबिनॉइडना तशी सूट नाही. आणि बाटलीत मिसळलेलं होतं हे कारण ऐकून घेत नाहीत, जबाबदारी खेळाडूचीच. नोकरीच्या टेस्ट याहून कडक असतात, अमेरिकेतल्या सरकारी नियमात पहिली चाळणी ५० ला आणि पक्की तपासणी १५ ला. त्यात शोधतात तो टीएचसीचा मोडलेला तुकडा, जो चरबीत मुरतो आणि रोज घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे दिसत राहतो, नशा उतरून जमाना झालेला असला तरी. दहा_किमी, तुम्ही स्पर्धा धरून असाल तर तेल पूर्ण सोडा असं मी म्हणेन. क्रीम त्वचेतून फारसं रक्तात जात नाही, पण त्याचाही रिपोर्ट बघितल्याशिवाय नको.

दहा_किमी

सोडतो. घरात एक जुनी बाटली आहे, खिडकीत ठेवलेली, बरेच महिने झाले, रंग पिवळ्याचा तपकिरी झालाय. ती वडिलांना गुडघ्याला चोळायला चालेल का?

रसशाळा

टाकून द्या. उन्हात आणि उघड्या झाकणाने त्यातलं जे काही टीएचसी होतं त्यातलं काही सीबीएन झालेलं असणार, सीबीडीही ऑक्सिडाइज होतं, तो तपकिरी रंग बराचसा त्याचाच, आणि खालचं तेलही खवट झालं असेल. आता लेबलवरचा एकही आकडा त्या बाटलीला लागू नाही. नवीन कोणी घेत असेल तर गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, अंधारी थंड जागा, आणि उघडल्याची तारीख वर लिहून ठेवा.